जर–तर, जेव्हा–तेव्हा : आवश्यकतापत्राचे लेखन आणि एआय सहायक

सॉफ्टवेअर बांधायला घेण्यापूर्वी ते कोणासाठी बांधायचे, त्याने काय करायचे, काय करायचे नाही आणि ते नीट झाले हे कशावरून ओळखायचे, या प्रश्नांची लेखी उत्तरे ज्या दस्तऐवजात एकत्र केलेली असतात, त्याला या व्यवसायात ‘प्रॉडक्ट रिक्वायरमेंट्स डॉक्युमेंट’ किंवा थोडक्यात ‘पीआरडी’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘आवश्यकतापत्र’ हा शब्द योजला आहे. फ्रेडरिक ब्रुक्स या संगणकशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये ‘नो सिल्व्हर बुलेट’ या निबंधात असे प्रतिपादन केले होते की, सॉफ्टवेअरच्या निर्मितीतला सर्वांत अवघड भाग प्रत्यक्ष आज्ञावली लिहिणे हा नसून काय बांधायचे हे नेमकेपणाने ठरवणे हा आहे, आणि त्या भागात झालेली चूक नंतर दुरुस्त करणे सर्वांत जड जाते. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यानंतर हाच अवघड भाग एआय सहायकाकडून लिहून घेण्याची पद्धत झपाट्याने रूढ झाली, कारण चार ओळींत कल्पना सांगितली की शीर्षके, उपशीर्षके आणि क्रमांकित कलमे असलेला वीस पानांचा मसुदा काही मिनिटांत हाती येतो. हा मसुदा वाचायला इतका सफाईदार असतो की, त्यातले कोणते वाक्य कोणाच्या निर्णयावर उभे आहे आणि कोणते केवळ भाषेच्या ओघात आले आहे, हे वाचकाला ओळखू येत नाही.

हा फरक समजून घेण्यासाठी छत्तीसगडमधील रायपूरइतके चांगले उदाहरण क्वचित सापडेल. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले, आणि पुढील दशकभरात तेथील सार्वजनिक वितरण व्यवस्था, म्हणजे रास्त भाव दुकानांतून शिधा पुरवण्याची यंत्रणा, देशभर अभ्यासाचा विषय झाली. २००४ च्या नियंत्रण आदेशाने ही दुकाने खासगी दुकानदारांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी समित्या आणि महिला बचत गट यांच्याकडे सोपवली गेली. २००७ पासून राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या रायपूर येथील शाखेने तयार केलेल्या प्रणालीवर राज्यातील दीड हजारांच्या आसपास धान खरेदी केंद्रांचा व्यवहार आणि पाठोपाठ शिधापत्रिकांची माहिती आली. धान्य वाहणारे ट्रक पिवळ्या रंगाने रंगवले गेले, महिन्याच्या सुरुवातीला ‘चावल उत्सव’ या नावाने वाटपाचा दिवस पाळला जाऊ लागला, आणि गोदामातून ट्रक निघाला की नोंदणी केलेल्या नागरिकाच्या मोबाइलवर संदेश जाऊ लागला. या सगळ्या काळात आजच्या एआय सहायकांमागचे मोठे भाषिक प्रारूप नावाची वस्तू अस्तित्वात नव्हती. तरीही, किंवा म्हणूनच, आवश्यकता म्हणजे काय हे त्या कामातून स्वच्छ दिसते.

मोबाइल संदेशाचीच गोष्ट घ्यावी. ट्रक निघाल्याची नोंद संगणकात होत असेल, तर ती कळवण्याचा संदेश पाठवणे हे तांत्रिकदृष्ट्या किरकोळ काम आहे, आणि कोणत्याही एआय सहायकाला शिधावाटपाच्या प्रणालीचे आवश्यकतापत्र लिहायला सांगितले तर ‘संबंधितांना सूचना पाठवली जाईल’ अशा अर्थाचे वाक्य तो बहुधा न सांगताच घालील. परंतु त्या वाक्यातल्या ‘संबंधित’ या शब्दातच सारा प्रश्न दडलेला आहे. संदेश केवळ अन्न निरीक्षकाला गेला तर ती विभागाच्या अंतर्गत देखरेखीची सोय होते. तोच संदेश गावातल्या कोणाही इच्छुक माणसाला गेला तर ट्रक वाटेत दुसरीकडे वळण्याची शक्यता कमी होते, कारण माल किती निघाला आणि केव्हा पोहोचायला हवा हे आता दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसालाही ठाऊक असते. घटना एकच, यंत्रणा एकच, पण संदेश कोणाला जावा हे ठरवणे हा सत्तेच्या वाटपाचा निर्णय आहे. असा निर्णय मसुद्याच्या ओघात आपोआप होऊन जाऊ नये.

याहून बोधप्रद उदाहरण २०१२ चे आहे. त्या वर्षाच्या सुरुवातीस रायपूर शहरातील दुकानांपासून ‘सेंट्रलाइज्ड ऑनलाइन रिअल-टाइम इलेक्ट्रॉनिक पीडीएस’, संक्षेपाने ‘कोअर पीडीएस’, ही पुढची प्रणाली सुरू झाली आणि तिला ‘मेरी मर्जी’ असे नाव मिळाले, कारण नेमून दिलेल्या एकाच दुकानाशी बांधलेल्या शिधापत्रिकाधारकाला आपल्या पसंतीच्या दुकानातून धान्य घेता यावे, हा तिचा गाभा होता. आवश्यकतापत्रात ही मागणी एका वाक्यात मावते. त्या वाक्याचा धागा ओढला की मात्र सगळे विणकाम हलते. दुकानाला दरमहा किती धान्य पाठवायचे हे तोवर त्याला जोडलेल्या शिधापत्रिकांच्या संख्येवरून ठरू शकत होते. ग्राहक मोकळा झाल्यावर त्या संख्येला अर्थ उरत नाही, आणि पुरवठा प्रत्यक्ष विक्री व शिल्लक साठा यांवरून ठरवावा लागतो. एकाच शिधापत्रिकेवर सकाळी एका आणि दुपारी दुसऱ्या दुकानातून धान्य उचलले जाऊ नये, यासाठी प्रत्येक विक्री त्याच क्षणी मध्यवर्ती नोंदीत पोहोचली पाहिजे. त्यासाठी दुकानात मोबाइल नेटवर्कवर चालणारे यंत्र हवे, आणि म्हणूनच आरंभ दुर्गम बस्तरऐवजी शहरात होणे स्वाभाविक ठरते. धारकाची ओळख पटवण्यासाठी प्रारंभी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेची, म्हणजे एका वेगळ्याच योजनेची, स्मार्ट कार्डे वापरली गेली. त्यामुळे त्या योजनेच्या यादीतले कुटुंब आणि शिधापत्रिकेवरचे कुटुंब एकच आहे का, हाही प्रश्न आवश्यकतेच्या कक्षेत येतो. शिवाय नेटवर्क गेले, कार्ड हरवले, यंत्र बंद पडले, एखाद्या चांगल्या दुकानासमोर अचानक रांग दुप्पट झाली, तर पुढे काय, याचे उत्तर त्या एका वाक्यात कोठेच नसते.

आवश्यकतापत्राचे खरे मोल या धाग्यांच्या शोधात आहे, आणि एआय सहायकाची मर्यादा व उपयुक्तता या दोन्ही गोष्टी येथेच दिसतात. हा सहायक ज्या मोठ्या भाषिक प्रारूपावर चालतो, ते प्रारूप अफाट मजकुरावरून शिकलेले असते आणि समोर असलेल्या शब्दांनंतर कोणता शब्दखंड येण्याची शक्यता किती, हे मोजत मोजत वाक्य पुढे नेत असते. अशा शब्दखंडाला ‘टोकन’ म्हणतात. त्याने पाहिलेल्या मजकुरात हजारो प्रणालींची आवश्यकतापत्रे, नियमावल्या आणि पाठ्यपुस्तके येऊन गेलेली असल्यामुळे अशा दस्तऐवजाचा साचा त्याला अंगवळणी पडलेला असतो: उद्दिष्ट, वापरकर्ते, प्रवेशाची पद्धत, अहवालांचे पडदे, सुरक्षितता, वेग. मात्र रायपूरच्या एखाद्या मोहल्ल्यातले दुकान महिन्यातून किती दिवस उघडे असते, तेथील बचत गटाच्या महिलांपैकी यंत्र कोण चालवते, किंवा तिसऱ्या आठवड्यात आलेल्या माणसाला साठा संपल्याचे कसे सांगितले जाते, हे त्याच्या मजकुरात नसते. जेथे माहिती नसते तेथे सहायक बहुधा थांबत नाही. सर्वसाधारणपणे जे असते ते तो लिहून टाकतो.

या भरणीचा धोका आकड्यांत सर्वाधिक असतो. छत्तीसगडच्या विधानसभेने डिसेंबर २०१२ मध्ये संमत केलेल्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य गटातील कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य, असा कुटुंबाच्या मापाने हिशेब धरला होता, तर पुढच्याच वर्षी संसदेने केलेल्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबांसाठी दरडोई ५ किलो आणि अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबांसाठी दर कुटुंबी ३५ किलो अशी तरतूद आली. राष्ट्रीय कायद्याविषयी लिहिले गेलेले साहित्य राज्याच्या कायद्याहून कितीतरी अधिक असल्यामुळे, राज्यातील दुकानासाठी आवश्यकतापत्र मागितले असता सहायक ५ किलोचा नियम पूर्ण आत्मविश्वासाने लिहून देईल, ही शक्यता लक्षात ठेवावी लागते. तीन माणसांच्या कुटुंबासाठी एक हिशेब १५ किलो देतो आणि दुसरा ३५ किलो. अशा निराधार पण ठाम विधानाला या क्षेत्रात ‘हॅल्युसिनेशन’, म्हणजे भ्रम, म्हणतात. पण येथे घडते ते भ्रमापेक्षाही फसवे आहे, कारण आकडा खोटा नसतो, एका कायद्यात तो खराच असतो आणि फक्त चुकीच्या जागी येऊन बसलेला असतो.

म्हणून अनुभवी लेखक सहायकाला मसुदा मागण्याआधी प्रश्न मागतो. सहायकाला प्रथम मूळ सामग्री दिली जाते: बैठकीचे टिपण, लागू असलेला शासन आदेश, तक्रार नोंदवहीतील प्रकारांची यादी, दुकानात बसून केलेल्या निरीक्षणाच्या नोंदी. त्यानंतर असे सांगितले जाते की, या सामग्रीत ज्याचे उत्तर नाही असे प्रश्न विचार, दोन कागदांत परस्परविरोध असेल तेथे बोट ठेव, आणि माहिती नसेल तेथे जागा रिकामी सोडून तसे स्पष्ट लिही. या क्रमाने काम केल्यावर तोच सहायक वेगळ्या पातळीवर उपयोगी पडतो, कारण साचा पाठ असल्याचा गुण आता उलट दिशेने लागू होतो: शेकडो प्रणालींमध्ये ज्या कारणांनी गोंधळ उडाला ती कारणे त्याच्यासमोर असल्याने, कुटुंबप्रमुख मरण पावल्यास पत्रिका कोणाच्या नावे होईल, महिन्याच्या शेवटच्या रात्री बारा वाजता उरलेला कोटा रद्द होईल की पुढे जाईल, वजनकाटा बंद असताना विक्रीची नोंद घ्यायची का, असे प्रश्न तो न थकता विचारतो. थकलेल्या बैठकीत सायंकाळी सहा वाजता असे प्रश्न विचारण्याचे धाडस माणसाला होत नाही. सहायकाचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे, आणि केवळ मसुद्याच्या वेगावर समाधान मानणारे लोक तो वाया घालवतात.

प्रश्नांची उत्तरे मिळाल्यानंतर वाक्यांची पाळी येते, आणि येथे मराठीचे एक सामर्थ्य कामी येते. रोल्स-रॉइस कंपनीत जेट इंजिनांच्या नियंत्रण प्रणालींवर काम करणारे अ‍ॅलिस्टर मेविन व त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये आवश्यकता लिहिण्याची एक सोपी वाक्यपद्धती मांडली; ती ‘इअर्स’ या संक्षेपाने ओळखली जाते. तिचा विचार असा की आवश्यकतेची वाक्ये मोजक्याच साच्यांत बसतात: काही गोष्टी प्रणालीने सदैव करायच्या असतात, काही एखादी घटना घडली की करायच्या असतात, काही विशिष्ट स्थिती टिकून आहे तोवर करायच्या असतात, काही नको असलेले घडल्यास करायच्या असतात आणि काही एखादी सोय जेथे बसवलेली आहे तेथेच करायच्या असतात. मराठीत या साच्यांसाठी जोडशब्दांची घडण आधीपासून तयार आहे: जेव्हा–तेव्हा, जोपर्यंत–तोपर्यंत, जर–तर, जेथे–तेथे. ‘जेव्हा विक्रीची पावती छापली जाईल, तेव्हा यंत्राने त्या व्यवहाराची नोंद मध्यवर्ती संगणकाकडे पाठवली पाहिजे’. ‘जोपर्यंत नेटवर्क उपलब्ध नाही, तोपर्यंत यंत्राने नोंदी स्वतःकडे क्रमाने साठवल्या पाहिजेत’. ‘जर एकाच पत्रिकेवर एकाच महिन्यात ठरलेल्या प्रमाणाहून अधिक मागणी आली, तर यंत्राने विक्री रोखून कारण पडद्यावर दाखवले पाहिजे’. प्रत्येक वाक्यात अट एका हाताला आणि कृती दुसऱ्या हाताला राहते, एक हात रिकामा राहिला तर वाक्य कानाला लंगडे वाटते, आणि वाचणारा विचारतो: ‘जर’ लिहिले, मग ‘तर’ कोठे आहे? एआय सहायकाला हा साचा घालून दिला की त्याच्या भाषेतला फापटपसारा लगेच कमी होतो, कारण ‘वापरकर्त्याला सुलभ अनुभव देणे’ यासारखी वाक्ये या साच्यात बसतच नाहीत.

मराठीचे दोन अडथळेही सांगितले पाहिजेत. पहिला विध्यर्थाचा. इंटरनेटच्या तांत्रिक नियमांसाठी स्कॉट ब्रॅडनर यांनी १९९७ मध्ये लिहिलेल्या आरएफसी २११९ या टिपणात अनिवार्य, शिफारस केलेले आणि ऐच्छिक अशा तीन पायऱ्यांसाठी स्वतंत्र क्रियापदे नेमून दिली आहेत. मराठी शासकीय भाषेत ‘करावे’ हे एकच रूप आज्ञेसाठीही येते आणि सल्ल्यासाठीही. शासन निर्णयात ‘अहवाल सादर करावा’ म्हणजे सादर केलाच पाहिजे, तर पाकपुस्तकात ‘चिमूटभर हिंग घालावा’ म्हणजे आवडत असल्यास. आवश्यकतापत्रात ही संदिग्धता महाग पडते, म्हणून ‘केलेच पाहिजे’, ‘शक्यतो करावे’ आणि ‘करता येईल’ अशी तीन रूपे आरंभीच ठरवून सहायकालाही ती पाळायला लावणे इष्ट ठरते. दुसरा अडथळा कर्मणी प्रयोगाचा. ‘नोंद घेतली जाईल’, ‘कार्यवाही करण्यात येईल’ अशी वाक्ये मराठी कार्यालयीन लेखनात इतकी रुळलेली आहेत की कर्ता गायब झाल्याचे कोणाला जाणवत नाही, आणि भाषिक प्रारूपाने तीच शैली उचललेली असल्यामुळे तेही कर्ता लपवते. नोंद कोण घेणार: दुकानातले यंत्र, विक्रेती, की रायपूरमधला संगणक? मसुद्यातील प्रत्येक कर्मणी वाक्य शोधून कर्ता घालण्याचे काम सहायकाला सांगावे. कर्ता त्याला सापडला नाही, तर तो कोणीच ठरवलेला नाही, असे समजून ते वाक्य बैठकीत न्यावे.

वाक्यांच्या आधी शब्द पक्के झालेले हवेत. ‘कुटुंब’ हा शब्द कायद्यात, आरोग्य योजनेत आणि प्रत्यक्ष चुलीभोवती वेगवेगळा अर्थ धारण करतो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार शिधापत्रिकेसाठी किमान १८ वर्षांची ज्येष्ठतम स्त्री कुटुंबप्रमुख मानली जाते, पण घरात बँकेचे खाते किंवा मोबाइल कोणाच्या नावे आहे हा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि संदेश मात्र मोबाइलवर जायचा असतो. म्हणून आवश्यकतापत्राच्या सुरुवातीस व्याख्यांचे प्रकरण असते. शब्द ठरवल्याशिवाय व्यवहार ठरत नाही ही जाण मराठी परंपरेला नवी नाही. शिवकाळात सिद्ध झालेला ‘राज्यव्यवहारकोश’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचाच कोश होता. रायपूरशी ज्यांचे नाते दृढ होते आणि १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक ज्यांनी सुरू केले, त्या मराठीभाषक माधवराव सप्रे यांनी नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक परिभाषेच्या उपक्रमात अर्थशास्त्राच्या शब्दांवर काम केले होते. पारिभाषिक शब्द ठरवणे हे तेव्हाही मुख्य काम समजले जात होते, आवश्यकतापत्रातही तसेच समजले पाहिजे. सहायकाला व्याख्यांची यादी आधी देऊन मसुदाभर त्याच शब्दांचा वापर तपासायला सांगितले, तर पहिल्या पानावरचा ‘लाभार्थी’ सातव्या पानावर ‘ग्राहक’ आणि बाराव्यावर ‘नागरिक’ कसा होतो हे तो बहुधा दाखवतो, आणि हे काम माणसाच्या डोळ्यांपेक्षा तो अनेकदा चांगले करतो.

मापांचा प्रश्न व्याख्यांच्याच कुळातला आहे. धानाची आधारभूत किंमत क्विंटलवर ठरते, छत्तीसगडच्या खरेदी केंद्रांवर धान ४० किलोच्या कट्ट्यांत, म्हणजे पोत्यांत, भरले जाते, गिरणीतून निघालेला तांदूळ ५० किलोच्या पोत्यात जातो, आणि दुकानात तो किलोने दिला जातो. शिवाय १०० किलो धानापासून अरवा, म्हणजे न उकडलेला, तांदूळ ६७ किलो आणि उसना, म्हणजे उकडा, ६८ किलो धरला जातो. एका प्रणालीने दुसरीला ‘५००’ असा नुसता आकडा पाठवला, तर तो कट्ट्यांचा की क्विंटलचा, धानाचा की तांदळाचा? २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ नष्ट झाले, कारण जमिनीवरील एक आज्ञावली जोराचे माप पौंडांच्या पद्धतीत देत होती आणि ते वापरणारी दुसरी ते न्यूटनच्या पद्धतीत समजत होती. त्या घटनेत विशेष दखल घेण्याजोगी बाब ही की, मेट्रिक माप वापरण्याची आवश्यकता कागदावर लिहिलेली होती. ती पाळली गेली आहे का, हे पडताळले गेले नव्हते.

त्यामुळे प्रत्येक आवश्यकतेसोबत तिची कसोटी लिहावी लागते, जिला ‘स्वीकृती-निकष’ म्हणतात. ‘यंत्र जलद चालले पाहिजे’ याला कसोटी नाही. ‘रांगेतल्या एका माणसाची विक्री पत्रिका दाखवल्यापासून पावती निघेपर्यंत ठरलेल्या मिनिटांत पूर्ण झाली पाहिजे, आणि ती वर्दळीच्या दिवशी, चावल उत्सवाच्या सकाळी, मोजली पाहिजे’ याला आहे. सहायक निकषांचे मसुदे भराभर देतो, परंतु त्याचे निकष बहुधा सरळ वाटेचे असतात: कार्ड चालते, बोटाचा ठसा जुळतो, नेटवर्क आहे. शिध्याच्या बाबतीत वाट चुकलेल्या माणसाचा निकष सर्वांत महत्त्वाचा असतो, कारण प्रणाली नीट चालते की नाही याचे उत्तर रिकाम्या पिशवीने परत जाणाऱ्या माणसाकडे असते. शेजारच्या झारखंडमध्ये आधारवर आधारलेल्या ठसा-पडताळणीविषयी ज्याँ द्रेझ, नजर खालिद, रीतिका खेरा आणि अनमोल सोमंची यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विधवा आणि वृद्ध यांसारख्या दुबळ्या गटांना वगळले जाण्याचा गंभीर प्रश्न नोंदवला गेला. ठसा उमटत नसलेल्या वृद्धेला धान्य कसे मिळेल हे वाक्य ‘अपवाद’ या शीर्षकाखाली शेवटच्या पानावर ढकलणे अन्यायकारक आहे. ते पहिल्या दहा आवश्यकतांत असावे आणि त्याची कसोटी इतर कसोट्यांआधी घेतली जावी.

माहितीच्या संकलनात भाषेचा एक प्रश्न हमखास उभा राहतो. दुकानातली विक्रेती छत्तीसगडी बोलते, जिला राज्याने २००७ मध्ये राजभाषेचा दर्जा दिला. बस्तरकडे गेल्यावर गोंडी आणि हलबी कानी पडते.  अशा भाषांतला लिखित मजकूर थोडा असल्यामुळे भाषिक प्रारूपांना त्या जेमतेम कळतात, आणि मुलाखतीचे ध्वनिमुद्रण सहायकाकडून हिंदी किंवा इंग्रजीत उतरवून घेतले तर नकार, शंका आणि उपरोध या तीन गोष्टी सर्वांत आधी गळतात. ‘चालतंय’ या अर्थाचे विक्रेतीचे उद्गार होकार म्हणून नोंदले गेले, तर आवश्यकतापत्रात एक खोटी सहमती शिरते. मुलाखतीचे टिपण त्या भाषेच्या जाणकाराकडूनच करून घ्यावे. सहायकाचे काम त्यानंतर सुरू व्हावे. त्याचबरोबर, शिधापत्रिकांच्या याद्या, नावे, पत्ते किंवा मोबाइल क्रमांक बाहेरच्या सेवेत चिकटवू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही जबाबदारी स्पष्ट केली आहे, आणि आवश्यकता लिहिण्यासाठी खऱ्या माणसांच्या नावांची गरजही नसते.

शेवटची बाब मागोव्याची. मागोवा म्हणजे प्रत्येक आवश्यकता कोठून आली याची नोंद: कोणत्या आदेशातून, कोणत्या बैठकीतून, कोणत्या दुकानातील निरीक्षणातून. २०१८ मध्ये सुधारित झालेल्या २९१४८ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकातही आवश्यकता पडताळण्याजोगी आणि मागोवा घेण्याजोगी असावी, अशी अपेक्षा आहे. एआयच्या काळात ही जुनी शिस्त अधिक आवश्यक झाली आहे, कारण उगम नसलेले वाक्य हे बहुतेक वेळा यंत्राने भरलेले वाक्य असते. प्रत्येक कलमासमोर उगमाचा रकाना ठेवला आणि सहायकाला आपले वाक्य कोणत्या कागदाच्या कोणत्या परिच्छेदावरून आले ते लिहायला लावले, तर रिकामे रकाने लगेच नजरेत भरतात. आणि भरलेल्या रकान्यांपैकी काही मूळ कागदाशी ताडून पाहणे हेही माणसाचे काम राहते, कारण उगमही सहायक कधी कधी रचून देतो.

मागोव्याचा खरा उपयोग बदलाच्या वेळी होतो. ‘मेरी मर्जी’मध्ये शिधापत्रिकाधारकाला दिलेली दुकानाची निवड ही राज्याच्या आतली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये छत्तीसगड ‘एक देश एक शिधापत्रिका’ या व्यवस्थेत दाखल झाले आणि रायपूरचा मजूर पुण्यात किंवा नागपुरात, तर दुसऱ्या राज्यातून आलेला मजूर रायपुरात आपला शिधा घेऊ शकेल, अशी अपेक्षा निर्माण झाली. ‘दुकान’, ‘राज्य’, ‘प्रमाण’, ‘दर’ अशा प्रत्येक व्याख्येला या एका बदलाने धक्का बसतो: राज्याच्या योजनेतले जादा धान्य परराज्यात मिळेल की केवळ केंद्राच्या वाट्याचे, साठ्याची भरपाई कोण करील, पावती कोणत्या भाषेत छापली जाईल. बदलाचे एक वाक्य देऊन शंभर पानांच्या आवश्यकतापत्रातील कोणकोणती कलमे बाधित होतात याची यादी करण्याचे काम सहायक काही मिनिटांत करतो, आणि मागोव्याच्या रकान्यांमुळे त्या यादीतील प्रत्येक कलमामागचा मूळ निर्णय कोणाचा होता तेही समोर येते. मे २०२५ मध्ये रायपूरजवळच्या नवा रायपूर येथे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारायच्या डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. असे सहायक आता त्या शहराच्या कार्यालयांत नित्याचे होतील. बाधित कलमांची यादी तेथील टेबलावर आल्यावर परराज्यातल्या मजुराला ३५ किलो द्यायचे की ५ किलोच्या हिशेबाने, हे ठरवून त्या कलमासमोर नाव, पद आणि दिनांक लिहिण्याचे काम अधिकाऱ्यालाच करावे लागेल.